धाकट्या खेळाची कैफियत

रविवारच्या पुरवणीत नाटकाचे परीक्षण येते, चित्रपटाचे येते, कादंबरीचे येते, आणि एखाद्या गवयाच्या मैफलीचा उत्तरार्ध किंचित रेंगाळला तर त्याचीही नोंद घेण्याइतका दक्ष समीक्षक आपल्या वृत्तपत्रांत अद्याप शिल्लक आहे. परंतु ज्या कलाप्रकारापुढे याच वाचकांची मुले, आणि अलीकडे दार लोटून घेऊन स्वतः वाचकही, आपल्या संध्याकाळी घालवितात, त्या व्हिडिओ गेमचा उल्लेख आपल्याकडे एक तर गुन्हेगारीच्या पानावर होतो, नाहीतर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याच्या चौकटीत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ मोबाइल ॲपांवर बंदी घातली व तीत पब्जी सापडला, तेव्हा ती वार्ता ठळक अक्षरांत छापली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ एका बाजूस व ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ दुसऱ्या बाजूस अशी वर्गवारी सरकारी दप्तरात दाखल झाली, तेव्हाही तिची चर्चा झाली. म्हणजे जी भेदबुद्धी कायद्याच्या मसुद्यात शिरली, ती आपल्या रसिकतेत अजून शिरावयाची आहे. अमुक खेळ चांगला, तमुक सुमार, आणि तो तसा का, हा साधा प्रश्न मराठी वृत्तपत्र क्वचितच विचारते.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे कोणत्याही वाङ्मयीन वादाइतके बुद्धीचे काम आहे, याची रुजुवात घालण्यासाठी मी मुद्दाम एक धाकटा खेळ निवडतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी निन्टेन्डोचे स्विच यंत्र, संगणकावरील स्टीमचे दुकान आणि ॲपलची आर्केड सेवा या तिन्ही ठिकाणी प्रसिद्ध झालेला ‘शव्हल नाइट डिग’ हा तो खेळ होय. तो एका नामांकित खेळाची उपशाखा आहे, त्याची चित्रशैली जुन्या काळाची आहे, आणि त्याची घडण दैवाधीन आहे. म्हणजे समीक्षकाला पेचात पाडणाऱ्या तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत. म्हणूनच त्याच्या स्वागताचा इतिहास त्या खेळापेक्षाही अधिक उद्बोधक आहे.

प्रथम त्याची वंशावळ. अमेरिकेतील यॉट क्लब गेम्स या छोट्या मंडळीने मार्च २०१३ मध्ये किकस्टार्टरच्या मार्गाने ७५ हजार डॉलरची लोकवर्गणी मागितली आणि रसिकांनी तिच्या पदरात ३ लाख ११ हजारांहून अधिक डॉलर घातले. त्या द्रव्यातून जून २०१४ मध्ये ‘शव्हल नाइट’ हा मूळ खेळ अवतरला. तलवारीऐवजी फावडे हाती घेतलेला, निळ्या चिलखतातला एक शिलेदार त्याचा नायक. १९८० नंतरच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्रावर जे उड्या मारण्याचे खेळ गाजले, ज्यांना आज प्लॅटफॉर्मर म्हणतात, त्यांचे रंग, त्यांचे तुटक ध्वनी आणि त्यांची निष्ठुर शिस्त या खेळाने इतक्या मर्मज्ञतेने पुन्हा उभी केली, की फावड्याच्या पात्यावर शत्रूच्या डोक्यावरून उसळत जाणारा तो शिलेदार पाहून १९८९ च्या ‘डकटेल्स’मधील काठीवर उसळणारा म्हातारा जाणकारांना तत्काळ आठवला. पुढील पाच-सहा वर्षांत या घराण्यात प्रतिनायकांच्या कथा सांगणारे आणखी तीन भाग जोडले गेले, आणि मूळ कृतीची गणना तिच्या वर्गातील मानदंडांत होऊ लागली.

‘डिग’ हा या घराण्याचा धाकटा वंशज. पण त्याच्या मातुल घराण्याचे गोत्र निराळे आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील काही विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या संगणकावर ‘रोग’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, राक्षसांच्या ठिकाणी रोमन लिपीतील अक्षरे होती, तळघरांची रचना प्रत्येक वेळी यंत्र स्वतः नव्याने करी, आणि नायक एकदा मेला की सारे मुळापासून आरंभावे लागे. या तत्त्वावर जी प्रजा वाढली तिला रोगलाइक म्हणतात, आणि २००८ साली बर्लिन येथे जमलेल्या जाणत्यांनी, आपल्याकडील लक्षणग्रंथकारांच्या थाटात, या जातीची लक्षणेही मांडून ठेवली. त्याच वर्षी डेरेक यू याने ‘स्पेलंकी’ या खेळात उड्या मारण्याची चपळाई आणि ही दैवाधीन तळघरे यांचा विवाह लावून दिला, आणि त्या विवाहाच्या संततीत ‘डिग’ मोडतो. त्याची रचना यॉट क्लबने एकट्याने केली नाही. लंडनची नायट्रोम ही मंडळी तीत भागीदार होती. फ्लॅश नावाचे, ३१ डिसेंबर २०२० रोजी इतिहासजमा झालेले तंत्र वापरून फुकट खेळावयाचे छोटे, चित्रांकित खेळ वर्षानुवर्षे रचण्यात या मंडळीची हयात गेली होती, आणि थोड्या जागेत बरेच मांडण्याची तिची सवय ‘डिग’च्या अंगोपांगी दिसते.

खेळाची मांडणी सोपी आहे. ड्रिल नाइट नावाचा खलनायक शिलेदाराच्या धनाची थैली हिसकावून भूगर्भात पळतो, आणि शिलेदार फावड्याने माती उकरीत त्याचा पाठलाग करतो. फावडे खाली चालते, आडवे चालते. वर मात्र चालत नाही, म्हणून हुकलेले रत्न हुकलेच. प्रत्येक टप्प्यात तीन दंतचक्रे दडविलेली असतात. तिन्ही मिळविणाऱ्यास टप्प्याच्या अखेरीस गमावलेले प्राण किंवा एखादे साधन असा मोबदला मिळतो, आणि ती शोधीत जो फार रेंगाळतो त्याच्या माथ्यावर एक प्रचंड करवत उतरू लागते. लोभ आणि भय यांच्या मध्ये सतत चाललेला हा सौदा म्हणजेच हा खेळ. संपूर्ण अवरोहण यशस्वी झाले, तर अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. ते यशस्वी होत नाही म्हणूनच ते पुनःपुन्हा करावे लागते.

आता परीक्षकांचा फैसला. नायकाच्या हालचालींतील अचूकता, सोळा बिटांच्या यंत्रांची आठवण करून देणारी समृद्ध चित्रकला, आणि मूळ खेळाचे संगीतकार जेक कॉफमन यांचे संगीत, या तिन्ही गोष्टींची वाखाणणी बहुतेकांनी मनमोकळेपणाने केली, आणि एकंदर मत अनुकूल पडले. परंतु त्या अनुकूलतेच्या पोटात तीन तक्रारी होत्या, आणि त्या इतक्या जणांनी इतक्या समान शब्दांत मांडल्या, की त्यांना आरोपपत्राचेच रूप आले: पहिली ही, की थोरल्या खेळाच्या मानाने हा किरकोळ आहे, दुसरी ही, की यात यश दैवावर फार अवलंबून आहे, आणि तिसरी ही, की काही फेऱ्यांनंतर यातील नवलाई आटते. या तीन तक्रारींना मी एकाच पारड्यात घालू इच्छीत नाही. माझ्या मते पहिली अन्यायाची आहे, दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिसरी पूर्ण न्याय्य आहे. आणि तसे ठरविणारा मापदंड एकच आहे, तो म्हणजे कृतीने रसिकाला स्वतः दिलेले वचन.

उपशाखेला मूळ कृतीच्या गजाने मोजण्याची खोड जुनी आणि सार्वत्रिक आहे. आमच्या मेळघाटात मात्र तिचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिले, की महाभारतातल्या विराटपर्वाचे तिथे मुख्य पात्र कीचक ठरते, कारण भीमाने त्याला लोटले ती दरी हीच असे लोक सांगतात. आणि होळीच्या सुमारास कोरकू गावांतून मेघनाथाचा खांब उभा राहतो, तेव्हा रामायणात जो केवळ प्रतिपक्षाचा एक योद्धा आहे, त्याला इथे पूजेचा मान मिळतो. व्यास-वाल्मीकींच्या विस्ताराशी तुलना करून या उपकथांना कोणी किरकोळ ठरवीत नाही, कारण त्यांचे प्रयोजन निराळे आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ग्रंथव्यवहारातही हेच दिसते. वऱ्हाडात वकिली करीत राहिलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून विनोदाची एक वाट पाडून गेले, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी बाळकराम हे नाव घेऊन त्याच वाटेने ‘रिकामपणची कामगिरी’ केली; गुरूचा उपहास तर्काच्या अंगाने चालतो आणि शिष्याचा कल्पनेच्या भराऱ्यांनी, हे ध्यानात न घेता जो दोघांना एकच फूटपट्टी लावील, त्याला दोघांपैकी एकाचाही विनोद उमगणार नाही.

‘डिग’ने कधीही थोरल्या भावाप्रमाणे आखीव, हाताने कोरलेली मजल-दरमजल सफर देऊ केलेली नव्हती. थोरल्या खेळात प्रत्येक खड्डा कोणी तरी विचारपूर्वक त्या जागी ठेवलेला आहे, आणि त्याचे सौंदर्य पाठांतरातून उलगडते. धाकट्यात पाठांतराला वावच नाही, तिथे प्रसंगावधान हीच विद्या. पाठांतराची विद्या शिकविणाऱ्या शाळेच्या परीक्षेत प्रसंगावधानाच्या विद्यार्थ्याला बसवावयाचे आणि त्याला कमी गुण पडले म्हणून खंत करावयाची, हा न्याय नव्हे. ज्या परीक्षकांनी ‘स्पेलंकी’शी, किंवा २०१५ साली ओजिरो फुमोतो या जपानी तरुणाने रचलेल्या व विहिरीत खाली-खाली पडत जाणाऱ्या ‘डाउनवेल’शी तुलना केली, त्यांची तुलना निदान सजातीयांशी होती, तिच्यात ‘डिग’ हरला तरी ते हरणे न्यायाच्या चौकटीत होते.

दैवाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ज्याने विहीर खणली आहे, त्याला कष्ट आणि फळ यांचे नाते सरळ रेषेत नसते हे कोणी शिकवावे लागत नाही: पाणी खारे लागले म्हणून खणणाऱ्याच्या हाताला दोष देता येत नाही, परंतु गोडे पाणी लागेल असे छातीठोकपणे सांगून ज्या पाणाड्याने पैसे घेतले असतील, त्याला मात्र भर चावडीत जाब विचारता येतो. रोगलाइक खेळाचा करार पहिल्या प्रकारचा आहे. जमिनीखाली काय आहे ते सांगणार नाही, असे तो प्रथमच बजावतो; म्हणून अमुक फेरीत चांगले साधन मिळाले नाही ही तक्रार मोक्षपटात साप लागल्याच्या तक्रारीइतकीच व्यर्थ आहे. मात्र मोक्षपटात आणि या खेळात एक मूलभूत अंतर आहे. तिथे कवड्या पडतात आणि सोंगटी निमूट चालते. इथे खेळणाऱ्याला निर्णयाचा अधिकार दिला आहे असे म्हटले जाते. तो अधिकार खरा असावयाचा, तर धोक्याची पूर्वसूचना मिळाली पाहिजे. ‘डिग’ ती बहुतेक ठिकाणी देतो: दंतचक्र दिसते, त्याच्याभोवतीचे काटे दिसतात, वरून उतरणाऱ्या करवतीचा आवाज कानी पडतो, आणि मग लोभ आवरावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु खाली उडी घेतल्यावाचून खालचे दिसत नाही अशी जागा आली, आणि मागे करवत असल्यामुळे थांबण्याची मुभाही उरली नाही, की निर्णयाचा अधिकार नाममात्र राहतो. एवढ्यापुरती परीक्षकांची हरकत ग्राह्य आहे.

तिसरी तक्रार नवलाई आटण्याची. आणि इथे मला परीक्षकांच्या बाजूने साक्ष द्यावी लागते. खेळ छोटा आहे हा दोष मानण्यास मी तयार नाही. आजच्या मोबाइलवरील फुकट खेळांना शेवटच नसतो, कारण शेवट झाला तर महसूल थांबतो. रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस, न लावणाऱ्याला नुकसान, आणि मधूनमधून पाकिटाला हात, अशी ती बेमुदत नोकरीच असते. अशा काळात एकदा मोल घेऊन, ठरलेले सुख देऊन, खेळणाऱ्याला सन्मानाने घरी धाडणारी कृती ही सभ्यता मानली पाहिजे. पण संक्षेप निराळा आणि क्षय निराळा. ज्या जातीचा खेळ आहे तिचे मुख्य वचनच असे, की शंभराव्या वेळीही मी नवा असेन. यंत्राच्या हाती रचनेचा कारभार सोपविण्याचे समर्थन त्यावरच उभे आहे. तिथे काही फेऱ्यांनंतर तीच दालने ओळखीची वाटू लागली, आणि यंत्र रचना करीत नसून जुनेच तुकडे फेरफार करून मांडीत आहे असा संशय आला, तर तो वचनभंग होय. खेळाच्या धन्यांनीही पुढे त्यात विनामूल्य भर घातली, ती या तक्रारीतला मथितार्थ ओळखूनच घातली असावी असे मानण्यास जागा आहे.

उरला जुन्या चित्रशैलीचा प्रश्न, आणि या बाबतीत पाश्चात्त्य परीक्षकांच्या एकमताकडे मी किंचित संशयाने पाहतो. ज्यांचे बालपण निन्टेन्डोच्या यंत्रापुढे गेले, त्यांना त्या चौकोनी ठिपक्यांत स्वतःचे हरवलेले घर दिसते, आणि कृतीचे गुण कोणते व स्मृतीचे कोणते याचा हिशेब त्यांच्याकडून नीट राहत नाही. आपल्याकडे ते यंत्र अस्सल स्वरूपात फारसे आलेच नाही. १९९० नंतर त्याच्या परदेशी नकला टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली एक पिढी अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत आहे खरी, परंतु मेळघाटातील पाड्यांवर बहुतेकांच्या हाती पहिला पडदा आला तो थेट मोबाइलचा. त्या मुलाला हे ठिपके पाहून गहिवर येण्याचे कारण नाही. म्हणून जुन्या शैलीच्या खेळाची खरी परीक्षा त्याच्यापुढे आहे: जिथे स्मृतीची वकिली चालत नाही, तिथेही त्या चित्रांतील स्पष्टता, माती कुठे, काटा कुठे, शत्रू कुठे हे डोळ्यांना एका क्षणात कळण्याची सोय, आपल्या बळावर उभी राहिली, तर ती शैली जिवंत आहे. ‘डिग’ या परीक्षेत उतरेल असे मला वाटते. पण ते सांगण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे, आणि त्याला तसे विचारणारे आज कोणी नाही.

परीक्षक कोठे बसून लिहितो याला महत्त्व आहे, ते यासाठी. सेमाडोहच्या घाटात रेंज तुटते आणि धारणीत पोहोचेपर्यंत अधूनमधूनच सापडते, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तो कोणत्याही खेळाविषयी पहिला प्रश्न असा करील, की हा इंटरनेटवाचून चालतो काय. आणि ‘डिग’च्या घरच्या परीक्षणांत क्वचितच नोंदला जाणारा हा गुण तो ठळकपणे मांडील. त्याचबरोबर हेही नमूद करील, की स्विच यंत्र इकडच्या बाजारात सहजी मिळत नाही आणि ॲपलचा फोन सामान्य संसाराच्या अंदाजपत्रकात बसत नाही, म्हणून हा खेळ त्याच्यापर्यंत येण्याचा एकच व्यवहार्य मार्ग संगणकाचा. याच धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ केले. आरोग्य, शिक्षण, शेती यांच्या योजना त्यात होत्या, पुढे त्यावरून निवडणुकीच्या सभांत वादही माजले. परंतु त्या साऱ्या गदारोळात, गावात पडदा पोहोचला तर त्यावर लोक काय पाहतील, काय खेळतील, आणि त्यातले बरे-वाईट त्यांना कोण सांगेल, हा विषय कोणाच्याही टिपणात आला नाही.

आणि हे केवळ परदेशी खेळांपुरते नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून चाललेले निवेदन, आणि भारतीय वास्तुशिल्पाची वैभवशाली पार्श्वभूमी असलेल्या त्या कृतीला त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकन मिळाले. परदेशी परीक्षकांनी तिच्या दृश्यसौंदर्याची स्तुती केली आणि लढाईची घडण कच्ची आहे, शेवट अकस्मात तुटतो, असेही स्पष्ट सांगितले. आपल्याकडे तिचे कौतुक झाले ते मुख्यतः भारतीय म्हणून. ती कच्ची कोठे आणि पक्की कोठे हे पुण्याच्या खेळाविषयीसुद्धा आपल्याला परक्या भाषेतून कळावे, हे मराठी समीक्षेच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. आणि कोणत्याही कारागिराला केवळ अभिमानाच्या टाळ्यांनी पुढची कृती सुधारता येत नाही.

माझी तजवीज फार खर्चाची नाही. पुरवणीत आठवड्याला अर्धा रकाना खेळांच्या परीक्षणास द्यावा. त्यात दहापैकी इतके गुण अशी आकडेमोड नसावी, कारण आकडा छापला की वाचक युक्तिवादाकडे पाहत नाही. खेळाने काय कबूल केले, काय दिले, आणि मोबदल्यात पैसा, वेळ व चित्त किती घेतले, या तीन गोष्टींचा जमाखर्च मांडावा. लिहिणारा मुंबई-पुण्याचाच असावा असा हट्ट नसावा. धारणीच्या किंवा परतवाड्याच्या महाविद्यालयातील ज्या मुलामुलींना एखादा खेळ आपल्याला का आवडला हे दोन परिच्छेदांत नीट मांडता येते, त्यांना त्या रकान्यात जागा मिळावी. ज्या समाजाला आपल्या करमणुकीची पारख करणारी भाषा नाही, त्याच्या हाती शेवटी सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक एवढीच दोन साधने उरतात, आणि गेली काही वर्षे आपण आळीपाळीने तीच दोन वापरीत आहोत.